जाणाऱ्यांची कपाटं

तुम्हाला सांगते, पण हे मी सांगायचं नाही असं ठरलंय, त्यामुळे तुम्हीही ऐकलं नाही असं समजा... नाहीतरी मी बोलायला लागले की कुणी ऐकत नाहीच! तर झालं काय, आमची आत्या लहान मुलींचे फ्रॉक शिवते आणि मोबाइलवरच्या त्या मोठ्या कंपनीमार्फत विकते. आता ही कंपनी काय करायची, आत्याचे फ्रॉक शेवटच्या पानावर ढकलायची आणि स्वतःचे पहिल्या पानावर मिरवायची. सरकारने पकडलं, डोळे पांढरे होतील एवढा दंड ठोकला. आत्याने टाळ्या वाजवायला हव्या होत्या की नाही? पण कंपनीने सगळ्या विकणाऱ्यांना निरोप धाडला, दंड मागे घ्या अशा अर्जावर सही करा, नाहीतर आम्ही देश सोडून चाललो. झालं! आत्याने रडून घर डोक्यावर घेतलं, कंपनी गेली तर माझे फ्रॉक कोण घेणार म्हणे, आणि शिलाईची दोन्ही मशीनं विकायला काढली. गिऱ्हाईक शनिवारी यायचं होतं.

आता मला सांगा, जाणारा माणूस कपाटं करून घेतो का?

कारण आमचे बाबा सुतार. आणि ह्याच कंपनीच्या नव्या मजल्याची कपाटं बाबांकडे आलीत, ह्याच आठवड्यात! भिंतीत पक्की बसवायची, एकशे चाळीस. कुठे बोलायचं नाही असं लिहून घेतलंय, आणि बाबा शब्दाचे असे पक्के की सख्खी बहीण रडतेय तरी आपले रंधा मारतायत. मी भुसा झाडत होते तेव्हा कंपनीचा साहेब आला, टाय भुशात लोळतोय, आवाज नाकातून, "मिस्त्री, दहा वर्षांची गॅरंटी हवी हं, बिजागरीसकट." दहा वर्षांची! जाणारा माणूस बिजागरीची गॅरंटी मागतो का?

मी तशी मुखदुर्बळ. हजेरीलासुद्धा माझा आवाज बाईंपर्यंत पोचत नाही. पण शनिवारी ते गिऱ्हाईक मशीन उचलायला वाकलं आणि मी दारात आडवी उभी राहून सगळं ओकले, कपाटं, बिजागऱ्या, दहा वर्षं. आत्याने नाक पुसलं. गिऱ्हाइकाला पाणीही न विचारता वाटेला लावलं. मग तो अर्ज उघडून शांतपणे म्हणाली, "सही माझी चप्पल करेल. दंड वाढवा म्हणावं, जाणारा माणूस असा भिंतीला चिकटतो होय?"

बाबा मात्र एवढंच म्हणाले, "शब्द मोडलास. दंड पडेल." दंड काय, तर सगळ्या कपाटांची दारं पॉलिश पेपरने घासायची. एकशे चाळीस कपाटं, प्रत्येकाला दोन दारं... हा काय दंड झाला? मी ठणकावून सांगितलं, असा दंड लावणार असाल तर मी घर सोडून जाईन. बाबांनी रंधा न थांबवता विचारलं, "कधी?"

बघाच तुम्ही. संध्याकाळच्या आत बॅग भरते की नाही, मी काही कुणाच्या बापाला भि... हो बाबा, आले, आलेच, जाडा कागद आणू की बारीक, आणि खालची दारं आधी घेऊ की