स्वतःचं पाणी स्वतः पिणारा टब

...आणि वर मलाच म्हणतात, 'राहू द्या, बाबा!' अहो, काय राहू द्या? सगळंच राहिलंय की! बत्तीस वर्षं पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होतो मी. मी चावी फिरवली की अर्ध्या शहराच्या अंघोळी व्हायच्या, कळलं का? आणि आता रिटायर झाल्यावर घरातल्या एका टोमॅटोला पाणी घालायची मला परवानगी नाही!

तुम्हाला सांगतो, गॅलरी आमची केवढी? एक माणूस आणि एक ओला टॉवेल, दोघांपैकी एकानेच थांबायचं. तिथे सूनबाईंनी आणून ठेवला टब. साधासुधा नाही, स्वतःचं पाणी स्वतः पिणारा! खाली टाकी, वर माती, मातीत टोमॅटोचं रोप, कोपऱ्यात नळी. रविवारी नळीतून टाकी भरायची, मग आठवडाभर माती खालून हवं तेवढं पाणी ओढून घेते. मी हौसेनं तांब्या घेऊन उठलो, तर लगेच, 'राहू द्या, बाबा! त्याला कुणी लागत नाही.' बरोबर आहे! त्याला कुणी लागत नाही आणि मी कुणाला लागत नाही.

भाजी आणायला पिशवी उचलली? राहू द्या, बाबा, भाजी दारात येते. बल्ब बदलायला स्टुलावर चढलो, तर चिरंजीव ऑफिसातून फोनवर ओरडतो, 'बाबा, खाली उतरा!' त्याला कळलं कसं? आमच्या हिनंच कळवलं, दुसरं कोण!

मग एका रविवारी टाकी भरून सूनबाई आणि चिरंजीव बाहेर गेले, ही आत आडवी झालेली, आणि मी बघतो तर काय... टाकीच्या बाजूला भोक, आणि त्यातून टप्... टप्... गळती! माझ्या घरात गळती! हात नुसते शिवशिवायला लागले हो! लाकडाची खुंटी तासली, सुताचे सात वेढे दिले, वरून सांधे बुजवायचा सफेदा, हातोडीचे दोन ठोके... बंद! मी बंद केलेली गळती बत्तीस वर्षांत पुन्हा गळलेली नाही, हां!

आता मला काय ठाऊक, ते भोक मुद्दामच ठेवलेलं असतं म्हणून! टाकी भरली की तिथून पाणी येतं, मग ओतणं थांबवायचं. सूनबाईंनी सगळ्यांना सांगितलं होतं. हिला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं! आणि मला? राहू द्या, बाबा!

पुढच्या रविवारी सूनबाई नळीत पाणी ओततायत आणि भोकाकडे बघतायत. थेंब कसला येतोय! एक बादली झाली, दीड बादली झाली... 'आज फारच तहान लागलेली दिसतेय याला!' मी दाराआडून खूष. म्हटलं, गळती थांबली की दाब सुधारतोच!

तीन हिरवे टोमॅटो धरले होते हो. रोज सकाळी उठलो की आधी ते बघायचो. तिसऱ्या आठवड्यात पानं पिवळी, खोड काळं, तिन्ही टोमॅटो खाली. जास्तीचं पाणी वर मातीत चढलं आणि मुळं कुजली! वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं.

चिरंजीव पक्कड घेऊन बसला. 'हे भोक कुणी बुजवलं?' सगळ्या माना माझ्याकडे! मी घसा खाकरला, छाती पुढे काढली. म्हटलं, रिटायर झाल्यापासून या घरात पहिल्यांदाच काहीतरी मी केलंय, सांगूनच टाकतो... तर ही मध्ये पडली! 'मी बुजवलं. डास होतील म्हणून.' मला वाचवायला निघाली! आणि सूनबाई? 'असू दे हो आई, होतं असं.' झालं! माझ्या नावावर या घरात एक चूक होती, तीही गेली!

बरं, एवढ्यावर तरी थांबावं की नाही? चिरंजीव खुंटी उपटतोय, उपटतोय, घामाघूम झाला पण खुंटी हलेना! 'आई, काय पक्कं काम केलंयस गं! प्लंबरलासुद्धा जमणार नाही असं!' मी हिच्याकडे बघतोय. म्हटलं, आता सांगेल... आता तरी सांगेल... आणि चष्मा सावरत ही काय म्हणाली असेल?

'त्यात काय एवढं!'