उंटाची आई

— नाही नाही, आधी रडणं थांबवा. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय, इकडे बसा. पाणी घ्या. तुम्ही उंटाच्या आई ना? राग मानू नका हो, मायेनं म्हणतो, सगळा संघच म्हणतो त्याला उंट. एवढा उंच गोलकीपर मी जन्मात पाहिला नाही — आणि मी स्वतः गोलकीपर होतो बरं का, नुसता मॅनेजर नाही. भिंतीवरचा तो फोटो बघा. हवेत आडवा झालेला तो मीच. ‘डिंक’ म्हणायचे मला. चेंडू हाताला लागला की चिकटलाच! अजूनही लोक रस्त्यात थांबवतात आणि हात दाखवा म्हणतात, लहान मुलासारखे.

तर तुमचं म्हणणं काय, आज त्याला खेळवू नका. बरोबर? मागच्या सामन्यात त्याचं डोकं गोलाच्या खांबावर आपटलं, थोडा वेळ शुद्ध नव्हती — मान्य. नाही कोण म्हणतंय? पण अहो, खांब आणि गोलकीपर म्हणजे सासू-सून, खटके उडायचेच. — हसल्या असतात तर बरं वाटलं असतं मला. सकाळी उलटी झाली म्हणता? सामन्याच्या दिवशी मलाही व्हायची. उजेड सोसत नाही? मग हे पडदे बघा की, भर दुपारी ओढलेत. मलाही नाही सोसत, माझं काही अडलं का? घरीही तेच, बायको कुरकुर करते, घराची गुहा केली म्हणते, पण — कुठे होतो मी? हां, उजेड. सवय होते त्याची.

आजचा सामना काय आहे ठाऊक आहे ना तुम्हाला? हरलो तर खालच्या गटात. खालच्या गटात गेलो की मला नारळ, आणि या वयात मला दुसरा कोण घेणार? दुसरा गोलकीपर आहे, नाही कशाला म्हणू — पण त्याच्यापेक्षा ओला साबण बरा, हातात जास्त टिकतो. — डॉक्टर? हो, परवा डॉक्टरही तुमच्यासारखंच म्हणत होते. पण आज सकाळी त्यांनी पुन्हा तपासलं आणि खेळायला हरकत नाही म्हणाले. सगळी उत्तरं बरोबर! महिने उलटे म्हणून दाखवले, मागचा सामना कोणाशी, गोल कोणी मारला, मैदान कुठलं — फटाफट. त्याला काही आठवत नाही म्हणता? अहो, आठवायला कशाला पाहिजे? ठरलेले प्रश्न असतात ते. काल याच खोलीत बसवून घोटून घेतलेत मी त्याच्याकडून — म्हणजे, उजळणी हो. उजळणी. असं बघू नका माझ्याकडे. आमच्यात करतातच. माझंही केलंय.

हा फोटो त्याच दिवसाचा. कपाचा अंतिम सामना. समोरच्याचा गुडघा इथे बसला, कानशिलावर. तोंडावर बादलीभर पाणी मारलं, आणि डॉक्टर प्रश्न विचारतायत तर आमचा कॅप्टन त्यांच्या पाठीमागून ओठ हलवतोय — मी नुसते ओठ वाचत होतो. मला उठवून उभं केलं आणि मी ती पेनल्टी अडवली. सगळ्यांना माहितेय. मुलाखतीत विचारतात ना, बरोबर डावीकडेच कसे झेपावलात — मी म्हणतो, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि कळलं. टाळ्या पडतात. थापा आहेत हो. मला काही आठवत नाही. पेनल्टी नाही, कप नाही, काही म्हणजे काही नाही. शिट्टी झाल्यावर म्हणे मी समोरच्या संघाच्या खोलीत जाऊन बूट काढत बसलो! अजून जेवणावळीत हा किस्सा निघतो, पोट धरधरून हसतात. मीही हसतो. आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस माझा, आणि तो मला लोकांकडून ऐकून माहीत.

आणि आता — हे बाहेर बोलायचं नाही — आता बाकीचंही हळूहळू जायला लागलंय. सगळ्यांना टोपणनावं का ठेवतो मी? उंट, लाटणं, भोंगा? माया-बिया काही नाही. नावं तोंडात येत नाहीत. असिस्टंट शेजारी उभा राहून कुजबुजतो. परवा फळ्यावर डाव मांडत होतो आणि हातात खडू का आहे तेच कळेना. पोरांना वाटलं साहेब विचार करतायत.

म्हणून तर — नाही, म्हणून नाही. थांबा. तुम्ही म्हणाल, याला एवढं कळतंय आणि तरी हा — कळतंय मला! पण त्याला आज बसवलं तर त्याचा अर्थ काय होतो, तुम्हीच सांगा. म्हणजे त्या दिवशी मलाही बसवता आलं असतं. कोणीतरी नुसतं म्हणायचं होतं, बस झालं, याला घरी न्या. मग हा फोटो कशाचा? मग हे सगळं मी कशासाठी — नाही. खेळायचंच असतं. सगळेच खेळतात.

हात जोडू नका. खरंच नका जोडू, मला बघवत नाही. त्यानं पाठवलं तुम्हाला? नाही? त्याला ठाऊकही नाही? स्वतःहून आलात, दारावरच्याशी भांडून — बाई ऐकतच नाही म्हणून फोन आला होता त्याचा. माझीही आई होती त्या दिवशी मैदानात. अगदी वरच्या पायऱ्यांवर. मला उठवून उभं केलं तेव्हा ती उभी राहून टाळ्या वाजवत होती, भावानं सांगितलं नंतर. तिचं काय चुकलं? एवढ्या लांबून तिला काय दिसणार. पण खाली कोणी आलं नाही. माझ्यासाठी कोणीच आलं नाही हो.

चला, उठा. संघ जाहीर झालाय, त्याचं नाव आहे त्यात. बदलणार नाही मी. — अरे, कोण आहे बाहेर? या बाईंना पुढच्या रांगेत खुर्ची द्या. अगदी पुढे, गोलाच्या मागे. — तिथून सगळं नीट दिसतं. जा.