मारुतीचे कान

त्र्याहत्तर साली आमच्या भिवंडीच्या कॉलेजचा फुटबॉल संघ अख्खा सीझन टिकला तो मारुतीच्या बहिरेपणावर, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. कॅप्टन मीच होतो, म्हणून सांगतो.

आम्ही सुरुवातीलाच एक गोल करायचो आणि मग सगळ्यांना दम लागायचा. अशा वेळी पंचांची शिट्टी वाजली, की मारुती ती न ऐकल्यासारखा पळत जाऊन चेंडू शेजारच्या भातशेतात मारायचा. चेंडू सापडेपर्यंत आमची विश्रांती. पंच चिडले, की मी हात जोडायचो. "सर, पोरगा पॉवरलूमवर ड्युटी करतो. खडखडाटानं कान गेलेत त्याचे." पंच लगेच विरघळायचे.

मारुती दिघाशी गावचा, घरची भातशेती. लूमचा कारखाना त्याने आतून पाहिलाही नव्हता.

शेवटची मॅच कल्याणवाल्यांशी होती. आम्ही एका गोलने पुढे, दहा मिनिटं बाकी आणि चेंडू तिसऱ्यांदा भातात. मी हात जोडले. पंच म्हातारे, शांत. त्यांनी मारुतीसमोर जाऊन चिमटीत काहीतरी धरल्यासारखं केलं आणि बोटं झटकली. मारुती माझ्याकडे बघायला लागला.

पंच माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "सोळा वर्षं लूम चालवलाय मी. तिथं काही ऐकू येत न्हाय, म्हणून आम्ही हातानंच बोलतो. 'धागा तुटला' एवढंही याला कळत न्हाय?"

मी काही बोलायच्या आत मागून मारुती म्हणाला, "सर, मी कालच लागलोय कामाला."