कुंडीतल्या मामेसासूबाई

...नाही, तुम्हीच सांगा, घरच्या कुंडीतल्या झाडाला लॅटिन कशाला लागतं? झाडाला कळतं का हो त्याचं नाव? पण आमचे सासरे! वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण तास काही संपत नाही. आमच्याकडे आले की चहाआधी गच्चीत, आणि प्रत्येक कुंडीत पत्र्याची एकेक पट्टी, पट्टीवर काळ्या रंगात लॅटिन! मी सहज म्हटलं, "सदाफुली काय फुललीये ना?" तर चष्म्यावरून बघत, "कॅथरँथस रोझियस, जावईबापू. सदा फुलणाऱ्या छप्पन्न आहेत."

आता आमच्या घरची रीत वेगळी. ज्यानं झाड दिलं त्याचंच नाव झाडाला, तेही हिच्या नात्यानं, सरळ कारभार! दारातले टपालवाले काका, कठड्यावरच्या धाकट्या वन्सं, आणि मोठ्ठ्या पानांच्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या त्या मामेसासूबाई. "अहो, मामेसासूबाईंना पाणी घातलंत का?" "घातलं गं, पण वन्सं पिवळ्या पडल्यात." कुणाचं काही अडलं होतं? झाडाला कळतं का हो त्याचं नाव? तर एका रविवारी माझं डोकं सटकलं, सगळ्या पट्ट्या उपटल्या आणि दिल्या भंगारात. मोकळं वाटलं अगदी!

आणि बुधवारी... तुम्हाला सांगतो, आमची दीड वर्षाची लेक दुडुदुडु गच्चीत गेली, एक पान ओढलं आणि चावलं कचाकचा. जी किंचाळली! ओठ सुजलेले, लाळ थांबेना, रडायलासुद्धा येईना पोरीला. हिनं डॉक्टरांना फोन लावला आणि घाबरून काय सांगावं? "डॉक्टर, पोरगी मामेसासूबाईंना चावली हो!" पलीकडून शांतपणे, "बरं... त्यांना रक्त आलंय का?"

मी फोन हिसकावला. "झाड हो, झाड!" "कुठलं झाड? नाव सांगा, त्यावर उपचार ठरतो." नाव! आता आली का पंचाईत? मोठ्ठं पान, पांढरे ठिपके... "अहो, अशी पन्नास झाडं असतात!" आणि इकडे मांडीवर पोर तडफडतेय. माझी अक्कल भंगारवाल्याच्या गाडीवर बसून गाव फिरत होती!

शेवटी माझ्या फोनवरून सासऱ्यांना गाठलं. म्हटलं, आता झापणार. पण तो माणूस एक वाकडा शब्द बोलला नाही. "खोड जाड, उसासारखं? ठिपके पानाच्या मधोमध? डिफेनबाकिया सेग्विने. डॉक्टरांना एवढंच सांगा, मी निघालो." सांगितलं, आणि डॉक्टरांचा आवाजच बदलला. "हां, मग घाबरू नका. उलटी करवू नका, तोंड ओल्या फडक्यानं पुसा, थंड दूध पाजा आणि लगेच घेऊन या." झाडाला नसेल हो कळत, पण डॉक्टरांना कळतं ना!

संध्याकाळी सूज उतरली, पोर हसली. दवाखान्याच्या बाकावर सासरे बसलेले, एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्या पायात सासूबाईंची. मी वाकून पायाच पडलो. "बाबा, पट्ट्या मीच फेकल्या."

"माहितीये. माझ्या लेकीनं रविवारीच सांगितलं."

"मग बोलला नाहीत?"

"पोर बरी आहे ना? झालं तर मग."

डोळे भरून आले हो माझे. त्या माणसाचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत. तिथल्या तिथे म्हणालो, "बाबा, तुम्ही दोघं आता आमच्याकडेच राहायला या." अगदी मनापासून म्हणालो, आजही म्हणतो. ते लगेच "हो" म्हणाले. उद्या येतायत. कपड्यांची एक पिशवी, आणि मागून टेम्पोत एकशे बारा कुंड्या! पट्ट्या मात्र जावईबापूंनी स्वतःच्या हातानं लिहायच्या, अशी अट. लिहितोय. सदतीस झाल्या... फोटो बघून सासऱ्यांनी सदतीसच्या सदतीस नापास केल्यात. जोडनावातला दुसरा शब्द म्हणे कॅपिटलनं नाही, लहान अक्षरानं सुरू करायचा असतो.