कोन वाचून राहिलं ते कळू नये

नाही, हेबी नको. काढ. तीन ॲप झाले तुह्ये आतापावतर, किशोर, अन् तिन्ही सारखेच बेकार. पयल्यानं काय मागितलं — ईमेल. काहून? डोये माह्ये, मोबाईल माह्या, वाचनार मी, मंग त्याले माह्यं नाव काहून पायजे? दुसऱ्यानं उघडल्याबराबर "तुमच्यासाठी" म्हनून कोन्या नटीचं लग्न दाखोलं. माह्यासाठी? अठ्ठावीस वर्सं रेल्वेत गँगमन होतो मी, बडनेऱ्यापासून पटरी ठोकत गेलो, मले नटीच्या लग्नाचं काय करा लागते? अन् हा तिसरा — हा खाली बदाम दाखवून राहिला. बदाम दाबला का समोरच्याले कळते, हो ना? पाय, मान हालवली. म्हंजे कळते. काढ.

राजापेठेत दुकान टाकून बसला, बाहेर एवढी मोठी पाटी लावली — मोबाईलचं सगळं करून देतो म्हनून. मंग कर ना. माह्यं मागनं साधं हाय. मी सांगीन त्याच साइटा. तिथं नवं काही आलं का इथं आपोआप यावं, दुसरं काही येऊ नये. अन् ज्यानं लिवलं त्याले, कोन वाचून राहिलं ते कळू नये. बस. मघाशी तू म्हनला, आरएसएस लावून देतो, तं मी उठलोच होतो — मले या वयात शाखेत नाही जाचं. मंग म्हनला, तसं नाही काका, हे फीड असते, पेपरवाला जसा दारात पेपर टाकून जाते तसं. पेपरवाल्याले तरी माह्यं दार ठाऊक असते. मले तेवढंबी नको.

हा चौथा दाखव. याले खातं लागत नाही? नक्की? सगळं या मोबाईलच्या मोबाईलमंदीच राहते? अन् तिले आकडा दिसते का — म्हंजे लिवनाऱ्याले — किती जनाईनं उघडलं त्याचा? ... एखादा आकडा वाढलेला दिसन. नाव नाही ना? ... हं. एक आकडा काय, कोनाचाबी असू शकते. लाव मंग.

हे घे चिठ्ठी. पयली साइट कापसाच्या भावाची, दुसरी हरभऱ्याच्या — हिवरखेडले भाऊ वावर करते, त्याले सांगा लागते. तिसरी... तिसरी टाक पयले. काहून म्हंजे? मी म्हनतो म्हनून. अक्षर वाकडं हाय तं हाय. चौथी शिकलो मी, इंग्रजी मले वाचता येत नाही, मी ते पाहून पाहून चितारलं. कुठून? बायकोच्या मोबाईलवरून. मैनाबाई आंघोयीले गेली का दोन अक्षरं, दुसऱ्या दिवशी आनखी दोन. नऊ दिवस लागले. विचारलं असतं तं तिनं सांगितलं नसतं का? सांगितलं असतं. हसली असती अन् मंग सांगितलं असतं. तेच नको.

बातम्या नाहीत तिथं, शब्द आहेत. एक बाई अकोल्याले शाळेवर हाय, दर आयतवारी आपल्या वऱ्हाडातला एक शब्द घेते अन् त्याचा अर्थ लिवते. ओळखीची काहून असन? साधना नाव हाय. आडनाव... तूच वाच ना, लिवलं असन तिथं. माह्यंच हाय. मंग? एका आडनावाचे दोन मानसं नसतात का तुह्या राजापेठेत? ... हो, पोरगी हाय माही. झालं समाधान? अकरा वर्सं झाले, ना मी बोललो ना ते. साक्षगंधाचे पाव्हने दारात, पेढे आले, नवरदेवाचा मामा पाय धुवून बसला, अन् हे पोरगी भर बैठकीत म्हनते — मले लग्न नाही कराचं. मंग मी काय कराचं, टाया वाजवाच्या? दिली हाकलून. आता मायलेकी रोज फोनवर बोलतात. मी आलो का मैनाबाई आवाज बारीक करते — "हो, हो, ठेवते मंग" — अन् माह्या घरात मलेच बातमी नाही. पोरगी बिमार पडली का, घर बदललं का, काही नाही. तू मले काही शिकवू नको, किशोर, तू फक्त लाव.

आलं? दाखव. मोठं कर जरा. मीच वाचतो, तू नको वाचू. ब... ह्या... ड. बह्याड. "अक्कल नसलेला, येडा माणूस." बरं, इथपावतर बराबर लिवलं. पुढं — "आमच्या घरात मात्र हा शब्द लाडाचा. बाबा मला लाडानं बह्याड म्हणत असत."

असत? असत म्हंजे काय बे, मेलो का मी? अन् लाडानं कवा म्हटलं? एकच खेपीले म्हटलं, त्या दिवशी, पंचवीस मानसाईसमोर — बह्याड हायेस तू, चालती हो, पुन्हा या घरात तोंड दाखवू नको. अन् पेढ्याचं ताट होतं हातात, ते... जाऊ दे. शिवी होती ते. शिवीच दिली मी. तिले ठाऊक नाही का? पुरं ठाऊक हाय. मास्तरीन हाय, शब्दाचे अर्थ सांगाचाच धंदा हाय तिचा, तिच्या हातून असं चुकून होत नाही. चुकून नाही लिवलं हे. तिनं —

काय? खाली चौकट हाय? अर्थ चुकला असन तं कळवा, म्हनते? तू लिवून देतो? नाव न टाकताबी जाते?

नाही. हात काढ त्याच्यावरून. काढ म्हनलं ना. चूक नाही तिथं काही. तिनं लिवलं तसंच राहू दे.

कापसाचं? राहू दे आता कापसाचं. दे तो मोबाईल इकडं. अन् माह्या तोंडाकडं काय पाहून राहिला — गिऱ्हाईक खोळंबले ना तुह्ये तिकडं. जा.