'नाही'चा रकाना

ठाण्याच्या एका छातीच्या दवाखान्यात निवृत्त ड्राफ्ट्समन महेंद्र कांबळे आपला फॉर्म सुवाच्य अक्षरांत भरून, नंबर येण्याची वाट पाहत बसले होते. शेजारी एक मुलगी वडिलांचा फॉर्म भरत होती. ऐकायचे नाही म्हटले तरी ऐकू येत होते.

"पप्पा, धूम्रपान. हो की नाही?"

"नाही. जन्मात ओढली नाही."

"मग हा एक्स-रे कोणाचा?"

"माजिवड्याच्या बारमध्ये वेटर होतो, सांग डॉक्टरला."

"पण बारमध्ये ओढायला बंदी आलेली ना?"

"आलेली. मग शेठनं काचेची खोली बांधली. ओढणारे सगळे आत."

"आणि तुम्ही बाहेर."

"मी आत. त्या खोलीचा वेटर मीच."

"तसल्या खोलीत खायला-प्यायला काही द्यायचं नाही, असा नियम असतो."

"तशी पाटीपण होती. रोज मीच पुसायचो. धुरानं पिवळी पडायची."

"तुम्हीच का पण?"

"बाकीचे वेटर आत गेले की गिऱ्हाइकांबरोबर ओढत बसायचे, रसिका. शेठ म्हणाला, रतन, तू ओढत नाहीस, तूच सांभाळ."

मुलीने पेन पुन्हा धूम्रपानाच्या रकान्यावर आणले.

"मग काय लिहू?"

"नाहीच लिही गं. त्या 'नाही'वरच तर ती खोली मिळालेली मला."