मधल्या पक्षाचं बारसं

निजामाच्या राज्यात चार माणसं जमवायलाही परवानगी लागे. कुस्त्यांच्या फडाचा अर्ज घेऊन बद्रीनाथ पाटोद्याच्या कचेरीत रांगेला लागला होता. पुढून एक म्हातारं अर्ज नामंजूर होऊन परतलं आणि रांगेबाहेर बसलेल्या बायकोला म्हणालं,

“तिसऱ्यांदा न्हाई म्हणले, सुभद्रे. सभेबिगर पक्ष कसा काढायचा?”

“अवो, पर तुमचा पक्ष हाय तरी कुणाकडचा? सरकारकडचा का सरकारवर उठलेल्यांकडचा?”

“मधला. कुणाचं डोस्कं फोडायचं न्हाई, अन् कुणाचे पायबी धरायचे न्हाईत. सगळ्या जातीधर्माला एकच कायदा, अन् सरकारनं रयतेला इचारून चालायचं.”

“मंग जल्मलाच हाय की. बारसं घाला.”

“बारसं?”

“त्याला कुठं परवानगी लागती? पाळण्यात नियमांची वही निजवू. बाया पाळणा म्हणतील, तुमी घुगऱ्या खात मतं घ्या. जमादार आलाच, तर त्याच्याबी कानात नाव सांगू.”

“लई बेरकी हायस. पर आपला पाळणा तर मोडलाय.”

बद्रीनाथानं अर्जाची घडी घातली. “काका, आमचा रिकामाच हाय. नेकनूरहून आणू का?”

“आणा की. आईतवारी, तेलगावला.”

तो रांगेतून निघाला. मागं पाहतो तर सगळी रांगच त्याच्या मागोमाग निघालेली.

सुभद्राबाई नवऱ्याला म्हणाली, “हरभरे लई भिजवावे लागतील.”